डेमन स्लेयर की जुजुत्सु कायसेन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. भाचा विचारतो, ऑफिसातली मंडळी विचारतात, आणि हल्ली तर भाच्याची आईही विचारते. म्हणून एकदाच काय ती उत्तरं लिहून टाकतोय. शेवटपर्यंत कोण जगतं आणि कोण मरतं, हे इथे सापडणार नाही. कथेची सुरुवात, पात्रांचे स्वभाव आणि एक-दोन मारामाऱ्या यांबद्दल मात्र मोकळेपणाने लिहिलंय. तटस्थ राहण्याचं वचन मी दिलेलं नाही.

दोन्ही मालिका आहेत तरी कशाबद्दल?

'डेमन स्लेयर' तैशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६च्या जपानात घडते. डोंगरात राहणारा तान्जिरो कामादो कोळसा विकून घर चालवतो. एकदा उशीर झाला म्हणून तो खाली ओळखीच्या म्हाताऱ्याकडे मुक्काम करतो. सकाळी बर्फातून घरी येतो तर आई आणि भावंडं मारली गेलेली. एकटी नेझुको जिवंत आहे, पण तिची राक्षसीण झालीय. बहिणीला पुन्हा माणूस करायचं आणि हे ज्याने केलं त्या मुझान किबुत्सुजीला गाठायचं, एवढीच गोष्ट.

'जुजुत्सु कायसेन' आजच्या जपानातली आहे. सेंदाईचा युजी इतादोरी हा शाळकरी मुलगा मित्रांचा जीव वाचवायला एक वाळलेलं, शापित बोट गिळतो. ते बोट सुकुनाचं, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या सगळ्यात भयंकर मांत्रिकाचं. आता सुकुना युजीच्या अंगात बसलाय. मांत्रिकांच्या वरिष्ठ मंडळींचं म्हणणं, युजीला ताबडतोब मारा. त्याचा शिक्षक गोजो तोडगा काढतो: बोटं एकूण वीस आहेत, ती सगळी शोधून याला गिळायला लावू आणि मग मारू. थोडक्यात, निर्णय झालाय, अंमलबजावणी पुढे ढकललीय. सरकारी कचेरीत चकरा मारलेल्या माणसाला हे चटकन कळेल.

'जुजुत्सु' म्हणजे ज्युदोसारखी कुस्ती का?

नाही. उच्चार जवळचा असला तरी कुस्तीच्या 'जुजुत्सु'ची चित्राक्षरं वेगळी. इथलं 'जुजुत्सु' म्हणजे शापविद्या, आपल्या भाषेत करणी-चेटूक म्हणा. 'डेमन स्लेयर'चं मूळ नाव 'किमेत्सु नो याइबा', म्हणजे राक्षसांचा नायनाट करणारी पात.

आधी कोणती बघू?

ॲनिमे कधीच बघितलं नसेल तर 'डेमन स्लेयर'. गोष्ट सरळ आहे, नाती ओळखीची आहेत, आणि पहिल्या वीस मिनिटांत कळतं की हा मुलगा कोण आहे आणि त्याला काय हवंय. पहिल्याच भागात गावातल्या एका पोरावर बशी फोडल्याचा आळ आलेला असतो. तान्जिरो तुकडे हुंगतो आणि सांगतो, मांजराचा वास येतोय. एवढासा प्रसंग, पण त्याचं नाक तिखट आहे आणि त्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं, या दोन्ही गोष्टी तिथेच कळतात. पुढची सगळी मालिका या दोन गोष्टींवर उभी आहे.

'जुजुत्सु' नवख्याला पहिले काही भाग धांदलीची वाटू शकते. नियम खूप, नावं खूप, आणि विनोद कधी थांबतो नि कुणाचा तरी हात कधी तुटतो याचा पत्ता लागत नाही. अशा मालिका आधी पाहिल्या असतील तर खुशाल इथून सुरुवात करा.

दोन्हींत मुलं भुताखेतांना मारतात. मग खरा फरक काय?

मला विचाराल तर मरणाकडे बघण्याचा. बाकीची भांडणं वरवरची आहेत.

'डेमन स्लेयर'मध्ये राक्षसाचं डोकं उडालं म्हणजे प्रसंग संपला असं होत नाही, खरा प्रसंग तिथून सुरू होतो. राक्षस मारणाऱ्यांच्या दलाच्या निवड-परीक्षेतला तो असंख्य हातांचा राक्षस घ्या. तान्जिरोच्या गुरूचे तेरा शिष्य आपण खाल्ले आणि हा चौदावा, असा हिशेब तो फुशारकीने सांगतो. बघणाऱ्याला नुसती किळस येते. मग तान्जिरोची तलवार चालते, राक्षसाची राख होऊ लागते आणि त्या राखेत त्याला आठवतं, आपण लहान होतो, भीती वाटायची, थोरल्या भावाला हात धर म्हणायचो. आपल्याच माणसांना खाणाऱ्या त्या राक्षसाचा विरत चाललेला हात तान्जिरो दोन्ही हातांत घेतो आणि पुढच्या जन्मी हा राक्षस होऊ नये अशी प्रार्थना करतो. पुढे पुढे ही पद्धतच पडते. काहींना त्याचा कंटाळा येतो: आता याचंही बालपण बघायचं का? मला नाही येत. मारायचं तर आहेच, पण कुणाला मारतोय हे न विसरता, हा या मालिकेचा कणा आहे.

'जुजुत्सु'तले शाप कधी माणूस नव्हतेच. माणसांच्या भीतीतून, द्वेषातून, पश्चात्तापातून जे गळतं, ते साचून शाप तयार होतो. जमिनीच्या भीतीतून ज्वालामुखीच्या डोक्याचा जोगो, समुद्राच्या भीतीतून दागोन, आणि माणसाला माणसाविषयी वाटणाऱ्या तिरस्कारातून महितो. त्यांना बालपण नाही, त्यामुळे आठवायलाही काही नाही. उलट युजीच्या डोक्यात आजोबांचे शेवटचे शब्द घोळत असतात: तू दणकट आहेस, लोकांना मदत कर, आणि मरशील तेव्हा माणसांच्या गराड्यात मर. ही मालिका तसलं मरण फारसं कुणाला मिळू देत नाही. लोक अर्ध्या वाक्यात जातात आणि मागे राहिलेल्यांना रडायला फुरसत नसते.

आपल्या शब्दांत सांगायचं तर 'डेमन स्लेयर'मध्ये प्रत्येकाच्या पिंडाला शेवटी कावळा शिवतो. 'जुजुत्सु'त सगळे घाटावर ताटकळत बसतात आणि कावळा फिरकतच नाही. ('डेमन स्लेयर'मध्ये निरोप आणणारे बोलके कावळे आहेत खरे, पण तो योगायोग समजा.)

'डेमन स्लेयर'मधल्या श्वासाच्या पद्धती म्हणजे प्राणायामच की!

हा प्रश्न मला आमच्या योगवर्गातल्या काकूंनीही विचारलाय. मालिकेत तसा संबंध कुठे जोडलेला नाही. कल्पना अशी: विशिष्ट पद्धतीने छातीभर श्वास घेतला की रक्तात जास्त प्राणवायू जातो आणि माणसाचं बळ राक्षसाच्या जवळपास पोचतं. पाणी, वीज, ज्वाला, वारा अशा वेगवेगळ्या शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेचे क्रमांक दिलेले प्रकार. तलवारीभोवती जे पाणी उसळतं ते खरं पाणी नव्हे, बघणाऱ्याला होणारा भास आहे. म्हणून ते जुन्या जपानी लाकूडठशांच्या चित्रांतल्या लाटांसारखं, जाड काळ्या रेघेत काढलंय.

या विद्येतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा रियाज. जखमी होऊन पडलेल्या तान्जिरोला कळतं की वरच्या दर्जाचे योद्धे हा श्वास चोवीस तास, झोपेतसुद्धा चालू ठेवतात. मग हा पठ्ठ्या वाळलेले भोपळे तोंडाने फुंकून फोडायचा सराव करतो, आणि रात्री तीन लहान मुलींना उशाशी बसवतो: झोपेत माझा श्वास चुकला की गाद्या झोडपायच्या काठीने मला हाणा. गायक मंडळींना यात काही नवीन वाटणार नाही.

'जुजुत्सु'चे नियम डोक्यावरून जातात. सोपं करून सांगा ना!

सगळे नियम कळायची गरज नाही, तीन पुरेत.

पहिला: वाईट भावना ही एक वस्तू आहे, ती साचते आणि वापरताही येते. दृष्ट लागते म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. सगळ्यांच्यातून ती गळते, मांत्रिक ती आवरून हत्यारासारखी चालवतात.

दुसरा: काही सोडलं तर काही मिळतं. आपल्या नवसासारखं. आपली विद्या कशी चालते हे शत्रूला उघड सांगितलं तर तोटा होतो, आणि त्या तोट्याच्या बदल्यात विद्येचा जोर वाढतो. म्हणून इथले लोक ऐन मारामारीत थांबून भाषण देतात. बाकी ॲनिमेंतही देतात, पण इथे निदान कारण तरी आहे.

तिसरा: 'र्योइकी तेन्काई', म्हणजे क्षेत्र उभं करणं. स्वतःच्या मनातली जागा समोरच्याभोवती उभी करायची. त्या आवारात तुमचा वार चुकत नाही. आपल्या गल्लीत आपण वाघ, तसंच.

गोजोला कुणी हात का लावू शकत नाही, हा उपप्रश्न हमखास येतो. ससा आणि कासवाची नव्हे, अकिलीस आणि कासवाची ग्रीक गोष्ट आठवा. निम्मं अंतर, मग उरलेल्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. गोजो स्वतःभोवती ते कधीच न संपणारं अंतर आणून ठेवतो. ठोसा त्याच्याकडे येतच राहतो, पोचत नाही.

ॲनिमेशन कुणाचं सरस?

या प्रश्नावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

'डेमन स्लेयर' युफोटेबल या स्टुडिओचं काम, दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी. पार्श्वभूमी, संगणकावरचं त्रिमितीय काम, प्रकाश आणि शेवटचं जुळवणीचं काम हे सगळं हा स्टुडिओ बरंचसं स्वतःच्याच छताखाली करतो. परिणाम पडद्यावर दिसतो. हाताने काढलेला तान्जिरो, संगणकाने फिरणारं जंगल आणि तलवारीची ती लाट, तिन्ही एकाच हाताने काढल्यासारखी एकजीव होतात. ऑगस्ट २०१९मध्ये आलेला एकोणिसावा भाग बघा. कोळ्याच्या धाग्यांनी लढणारा रुई समोर, तान्जिरोची तलवार मोडलेली, आणि त्याला बापाचं शेकोटीसमोरचं नृत्य आठवतं. निळं पाणी एका क्षणात केशरी आगीत बदलतं, आणि मागे संवाद थांबून गाणं सुरू होतं. मालिका तोवर बरी चालली होती. त्या रात्रीनंतर ती सगळीकडे झाली.

'जुजुत्सु' मापा या स्टुडिओची. पहिल्या सीझनचे दिग्दर्शक पार्क सुंग-हू, दुसऱ्याचे शोता गोशोझोनो. यांची गंमत प्रकाशात नाही, अंगांच्या हालचालीत आहे. कोण कुठे पाय रोवतो, वजन कुठल्या खांद्यावर जातं, ठोसा लागल्यावर शरीर कसं वळतं, हे प्रत्यक्ष कुस्ती बघितल्यासारखं कळतं. दुसऱ्या सीझनमध्ये रेघा मुद्दाम सैल केल्या, चेहरे ताणले, कधी चित्र अर्धवट सोडल्यासारखं ठेवलं. काहींना ते कच्चं वाटतं, मला ते जिवंत वाटतं. पण तेही नेहमीच मुद्दाम केलेलं होतं असं नाही. २०२३मध्ये हा सीझन चालू असताना काही ॲनिमेटरांनी कामाच्या घाईबद्दल समाजमाध्यमांवर उघड नाराजी मांडली होती.

माझा कौल? थांबवून भिंतीवर लावावं असं चित्र 'डेमन स्लेयर'चं. पण मारामारी म्हणून मारामारी बघायची असेल तर 'जुजुत्सु', आणि यात मला फारसा विचार करावा लागत नाही.

मग 'जुजुत्सु'ची एक मारामारी सांगा.

पहिल्या सीझनचे एकोणीस आणि वीस हे भाग. युजी आणि तोदो, समोर हानामी नावाचा झाडाझुडपांचा शाप. तोदो हा आडदांड, अर्धवट डोक्याचा, पहिल्या भेटीत माणसाला 'तुला कशा बाया आवडतात' असं विचारणारा इसम. त्याची विद्या काय, तर टाळी. टाळी वाजली की दोघांच्या जागांची अदलाबदल. बस्स.

आता यात लढत कशी रंगते बघा. हानामी युजीवर वार करतो, टाळी, तिथे तोदो. हानामी वळतो, टाळी, आता तोच युजीच्या ठोशासमोर. तेवढ्यात त्याला लय सापडते, टाळीसरशी तो आधीच वळून उभा राहतो. तेव्हा तोदो टाळी वाजवतो आणि अदलाबदल करतच नाही. नुसती टाळी. तबल्याच्या समेवर हुलकावणी द्यावी तशी. मी तो तुकडा किमान दहा वेळा पाहिलाय आणि अजून त्या खोट्या टाळीला फसतो.

गोजोच्या आणि सुकुनाच्या हातांच्या मुद्रा ओळखीच्या का वाटतात?

कारण त्या मूळच्या आपल्याकडच्याच आहेत, चीनमार्गे फिरून जपानला गेलेल्या. बौद्ध धर्माबरोबर आपले बरेच देव तिकडे पोचले. यमाचा एन्मा झाला, इंद्राचा तैशाकुतेन, महाकालाचा दाइकोकुतेन. क्षेत्र उभं करताना सुकुना जी मुद्रा करतो ती एन्मातेनची, म्हणजे यमाची. गोजोची इंद्राची. गोजोच्या क्षेत्राचं नावही बौद्ध ध्यानपरंपरेतल्या अनंत आकाशाच्या अवस्थेची आठवण देतं.

दुसऱ्या सीझनमध्ये तरुण गोजो एका प्रसंगी हवेत तरंगत म्हणतो, स्वर्गात आणि पृथ्वीवर मीच एकटा श्रेष्ठ. हे वाक्य बुद्धजन्माच्या आख्यायिकेतलं आहे: लुंबिनीत जन्मलेलं बाळ सात पावलं चाललं, एक हात आकाशाकडे आणि एक जमिनीकडे करून हे बोललं. जपानमध्ये त्या पवित्र्यातल्या बालबुद्धाच्या छोट्या मूर्ती असतात. बुद्धपौर्णिमेला विहारात जाणाऱ्या घरातल्या माझ्या एका मित्राने तो प्रसंग बघून आधी भुवया उंचावल्या, मग म्हणाला, हे वाक्य याच्या तोंडी घालणाऱ्याला याचा माज नेमका दाखवायचाय. बरोबर आहे. गोजो त्या घडीला ज्ञानी झालेला नाही, धुंद झालेला आहे.

सुकुनाही पूर्ण कल्पनेतला नाही. दोन तोंडं आणि चार हात असलेल्या र्योमेन सुकुनाचा उल्लेख 'निहोन शोकी' या आठव्या शतकातल्या इतिवृत्तात आहे.

मुलगा सातवीत आहे. दाखवू का?

'डेमन स्लेयर' सोबत बसून दाखवता येईल, पण 'कार्टूनच तर आहे' असं समजून त्याच्या हाती मोबाइल देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका. डोकी उडतात, रक्त भरपूर आहे, आणि एक अख्खं प्रकरण जुन्या तोक्योच्या योशिवारा या कलावंतिणींच्या वस्तीत घडतं. प्रश्न येतील, उत्तरं तयार ठेवा.

'जुजुत्सु' दहावीनंतर. रक्तामुळे म्हणत नाही. पहिल्या सीझनमध्ये जुनपेई नावाचा शाळेत छळ सोसलेला मुलगा येतो, आणि त्याचं पुढे जे होतं ते मला चाळिशीत जड गेलं.

'डेमन स्लेयर'मधल्या झेनित्सुचं रडणं कधी थांबतं?

थांबत नाही. झोपला की थांबतं, आणि तो झोपला की लढत बघण्यासारखी होते.

मुलींची पात्रं कुठे चांगली आहेत?

'जुजुत्सु'त. नोबारा कुगिसाकी हातोडी, खिळे आणि गवताची बाहुली घेऊन लढते. शत्रूच्या अंगाचा तुकडा बाहुलीवर ठेवायचा आणि खिळा ठोकायचा. थेट करणीच. जपानमध्ये मध्यरात्री देवळाच्या झाडाला अशी बाहुली ठोकण्याची जुनी प्रथा आहे, तिथून हे आलं. पण नोबारा आवडते ती तिच्या तोंडाळपणामुळे. गावाचा वीट आला म्हणून ती तोक्योला आली, आणि हे सांगताना तिला अजिबात लाज वाटत नाही. माकी झेनिनकडे तर शापशक्ती जवळजवळ नाहीच. खानदानाने हिणवलं म्हणून ती त्याच खानदानाची प्रमुख व्हायला निघालीय.

'डेमन स्लेयर'मध्ये शिनोबू आहे, कानाओ आहे, वाईट नाहीत. पण नेझुको! जिच्यासाठी ही सगळी यातायात, ती तोंडात बांबूची नळी घालून पेटीत झोपलेली. लढते झकास, बोलत काही नाही. लेखकाने तिला आणखी जागा द्यायला हवी होती, हे माझं जुनं दुखणं आहे.

गोजो विरुद्ध मुझान, कोण जिंकेल?

गोजो. पण मुझानला मारायला ऊनच लागतं, त्यामुळे गोजोला पहाटेपर्यंत वेळ काढावा लागेल. तो गोड खात बसेल.

नानामी पोरांपेक्षा नोकरदारांना जास्त का आवडतो?

कारण तो आपल्यातला आहे. 'जुजुत्सु'तला केंतो नानामी मांत्रिकांच्या शाळेतून बाहेर पडून एका वित्तकंपनीत नोकरीला लागला. पैसा, पैसा आणि पैसा. जिथून तो रोज पाव घ्यायचा त्या बेकरीतल्या मुलीच्या खांद्यावर एक किरकोळ शाप बसलेला असतो. तिला तो दिसत नाही, फक्त खांदा जड वाटतो. एक दिवस नानामी हात फिरवून तो उडवून देतो. मुलगी मागून मोठ्याने आभार मानते आणि तो चालता चालता फोन काढून गोजोला लावतो. मांत्रिकी भिकार आणि नोकरीही भिकार, मग निदान जी जमते ती भिकार करावी, असा त्याचा हिशेब.

त्याची विद्या शत्रूच्या शरीराचे सात-तीन असे भाग पाडून त्या रेषेवर वार करण्याची. पण त्याहून भारी म्हणजे त्याने स्वतःच्या शक्तीवर कामाच्या वेळेचं बंधन घातलंय. वेळ उलटली की टाय मुठीला गुंडाळतो, आणि इथून पुढे ओव्हरटाइम म्हणतो. मग मारतो. सहाच्या ठोक्याला साहेबाने 'जरा पाच मिनिटं' म्हटल्यावर आपल्याला जे वाटतं, ते याला करता येतं.

कोणत्या क्रमाने बघू आणि किती वेळ जाईल?

'डेमन स्लेयर': पहिला सीझन २६ भागांचा, २०१९चा. मग 'मुगेन ट्रेन'. हा २०२०चा चित्रपट बघा किंवा त्याचेच केलेले सात भाग, दोन्ही बघायची गरज नाही. मी चित्रपट म्हणेन. मग योशिवाराचे ११ भाग, तलवारी घडवणाऱ्यांच्या गावाचे ११, हाशिरांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या योद्ध्यांच्या, तालमीचे ८. हे शेवटचे आठ पाणी घातलेले आहेत, पण शेवटचा भाग चुकवू नका. त्यानंतर 'इन्फिनिटी कॅसल' ही चित्रपटत्रयी. तिचा पहिला भाग जपानमध्ये जुलै २०२५ला आणि आपल्याकडे १२ सप्टेंबरला लागला.

'जुजुत्सु': पहिला सीझन २४ भाग, मग 'शून्य' नावाचा डिसेंबर २०२१चा चित्रपट, मग दुसरा सीझन २३ भाग, आणि जानेवारी २०२६मध्ये सुरू झालेला तिसरा. 'शून्य'ची कथा आधी घडते म्हणून काही जण तो आधी बघायला सांगतात. ऐकू नका. त्यातलं गेतो हे पात्र कोण आहे हे माहीत असताना तो चित्रपट दुप्पट लागतो.

एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. दिवाळीच्या सुट्टीत एक मालिका आरामात होते, दोन केल्या तर घरचे बोलतात.

जास्त लोकप्रिय कोणती?

तिकिटांवर ठरवायचं तर 'डेमन स्लेयर'. 'मुगेन ट्रेन'ने करोनाच्या काळात, जेमतेम अडीच महिन्यांत 'स्पिरिटेड अवे'चा २००१पासूनचा जपानी गल्ल्याचा विक्रम मोडला आणि पुढे ४० अब्ज येनांचा टप्पा ओलांडला. 'जुजुत्सु'चे चाहते मात्र जास्त भांडतात, आणि त्यांच्या टी-शर्टांचा खप माझ्या आसपास तरी जास्त दिसतो.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचावा का?

दोन्ही 'शोनेन जंप' साप्ताहिकात आल्या आणि दोन्ही पूर्ण झाल्यात. कोयोहारु गोतोगे यांची 'डेमन स्लेयर' २०१६ ते २०२०, २३ खंड. गेगे आकुतामी यांची 'जुजुत्सु' २०१८ ते २०२४, ३० खंड. दोघांनीही टोपणनाव घेतलंय आणि दोघांचेही चेहरे लोकांना माहीत नाहीत. गोतोगे स्वतःला चष्मा घातलेल्या मगरीच्या रूपात काढतात.

'डेमन स्लेयर'चा मांगा ॲनिमेपुढे फिका पडतो, हे मी चाहता असून सांगतो. चित्रं सुरुवातीला कच्ची आहेत. पण लोकप्रियतेच्या शिखरावर असताना गोष्ट संपली म्हणून थांबणं, याला धाडस लागतं. 'जुजुत्सु'चा मांगा मात्र जरूर वाचा. शेवटी घाई झालीय हे मान्य, पण तोक्योतल्या शिबुयाचं प्रकरण कागदावरही अंगावर येतं. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, हे पुस्तक घेतानाच लक्षात ठेवा. मी पहिला खंड वीस पानं उलटा वाचला होता आणि मला तो फार प्रयोगशील वाटला होता.

जपानी आवाजात बघू की हिंदीत? मराठीत आहे का?

'इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला, मराठीत नाही. 'जुजुत्सु'ही हिंदीत मिळते. आजीला सोबत बसवायचं असेल तर हिंदी बरी. एरवी जपानी आवाज आणि खाली उपशीर्षकं, कारण इनुमाकीसारखं पात्र भाषांतरात अर्धं होतं. याच्या शब्दातच शाप असल्याने तो चुकून कुणाचं वाईट होऊ नये म्हणून फक्त ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या गोळ्यांच्या सारणांची नावं घेतो. सामन मासा म्हणजे हो, सुक्या माशाचा कीस म्हणजे नाही. मराठी डब कधी झालाच तर हो साठी 'थालीपीठ' आणि नाही साठी 'कारलं' ठेवावं, अशी माझी नम्र सूचना.

जपानला चाललोय. यातलं काय बघता येईल?

तान्जिरोचं घर ज्या डोंगरात दाखवलंय तो कुमोतोरी खरा आहे, उंची २,०१७ मीटर, तोक्यो प्रांतातला सर्वांत उंच. सह्याद्रीत पाय मुरलेल्यांना जमेल, पण वेळ राखून जा. तोक्योतल्या आसाकुसाला नूडल्सच्या गाडीजवळ उभं राहून दिव्यांकडे बघा, तान्जिरो तिथेच गर्दीने भांबावून गेला होता. पहिल्यांदा दादरला उतरलेल्या माणसाचं तोंड तसंच होतं.

'जुजुत्सु'साठी शिबुयाचा तो प्रचंड चौक. कथेतलं शिबुया प्रकरण ३१ ऑक्टोबर २०१८ला, हॅलोविनच्या संध्याकाळी सात वाजता सुरू होतं, त्यामुळे बरेच चाहते त्याच तारखेला जायचं ठरवतात. ते टाळा. अलीकडे शिबुयाचे महापौरच लोकांना सांगतात की हॅलोविनला इथे येऊ नका. शापांचा काही संबंध नाही, गर्दीत चेंगराचेंगरीची भीती असते. एक नोव्हेंबरला जा.